तेराशेचं इंजिन आणि दोन बोटं

दाजी, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी माईकवर जे बोललो ते सगळं खरं होतं. तुमच्या हाताला सफाई होती, दिलेला शब्द तुम्ही पाळायचात, तुमच्या लेथवर बनलेली वस्तू कधी परत आली नाही. शिकलेला मेहुणा म्हणून मला शेवटी बोलायला ठेवलं होतं. भंतेजींनंतर बोलायचं, जीभ अडखळू नये, म्हणून मी चार ओळी कागदावर उतरवून नेल्या होत्या. लोकांनी माना हलवल्या, एकदोघांनी डोळे पुसले. मी खाली बसलो, समोर आलेली खीर खाल्ली. ती गोड होती एवढं कळलं. माझ्या त्या चार ओळींत इंजिन कुठंच नव्हतं, आणि शेवटची दोन वर्षं आपण दोघं इंजिनाशिवाय दुसरं काही बोललोच नव्हतो.

तुम्ही गेलात त्या गुरुवारी सकाळी ताईचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात वर्गावर होतो. ती एवढंच म्हणाली, "अन्या, निघ." का म्हणून मी विचारलं नाही. फळ्यावरचं अर्धं राहिलेलं गणित पूर्ण केलं, हजेरी घेतली आणि लातूरच्या स्टँडवर येऊन नांदेडची बस धरली. अहमदपूरला बस थांबली तेव्हा सगळ्यांबरोबर मीही उतरलो आणि चहा घेतला. बिस्किटाचा पुडाही घेतला. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तुमच्या अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती. मी आत जाऊन तुमच्या पायावर डोकं ठेवलं आणि बाहेर आलो. कुणाशी काय बोलावं कळेना, म्हणून लिंबाखाली उभ्या असलेल्या तुमच्या गाडीपाशी गेलो. बॉनेट उघडलं, तेलाची काडी बाहेर काढली, रुमालाला पुसली, परत घातली, परत काढून बघितली. रफिकभाई शेजारी येऊन उभे राहिले. तुमच्या लेथशेजारी त्यांचं गॅरेज, तीस वर्षं एका किटलीतला चहा प्यालेली माणसं तुम्ही. त्यांनी काडीकडे बघितलं आणि म्हणाले, "तेल बराबर है." मी म्हणालो, "हां." मग आम्ही दोघांनी मिळून बॉनेट लावलं. एका माणसाचं काम होतं ते.

लोक म्हणाले, मास्तर रडला नाही, आत दाबून धरलंय. दाबून काही धरलं नव्हतं, दाजी. आत हात घालून बघितलं तर तिथं काही हाताला लागत नव्हतं. अजूनही लागत नाही. तुम्ही कशानं गेलात हे सगळ्या नांदेडला माहीत आहे, त्यावर मी काही लिहीत नाही. एवढंच लिहितो की तुम्ही त्या वेळी काही उचलत नव्हतात. अंगणात खुर्चीवर बसून चहाची वाट बघत होतात.

या सगळ्याची सुरुवात लोह्याच्या पुढच्या चढावर झाली. तीन वर्षांमागच्या उन्हाळ्यात एका लग्नाहून मला लातूरला सोडायला म्हणून तुम्ही गाडी काढलीत. मागं ताई, तुमची हैदराबादची लेक आणि जावई, पुढं मी. हजार सीसीची, वीस वर्षं चाललेली गाडी. मूळची पांढरी, पण आता दुधावरच्या सायीच्या रंगाची. चढ आला की तुमचा नियम ठरलेला होता, आधी एसी बंद, मग सगळ्यांनी पुढं वाकायचं. जावई नवा होता, त्याला वाटलं तुम्ही चेष्टा करताय. तुम्ही आरशातून त्याच्याकडं असं बघितलंत की तो बिचारा गुडघ्यापर्यंत वाकला. आणि आपण सगळे असे नमस्कार घातल्यासारखे वाकलेले असताना शेजारून एक ट्रॅक्टर पुढं गेला. मागं रिकामी ट्रॉली, ट्रॉलीत चारपाच माणसं. त्यातल्या एकानं आपल्याला हात केला. वाईट भावनेनं नाही, ओळख असल्यासारखा.

वर आल्यावर गाडी बाजूला घेतलीत, बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत राहिलात आणि म्हणालात, "हिच्यात तेराशेचं बसतंय."

"काय बसतंय?" ताईनं विचारलं.

"इंजिन."

"आधी एसीचं पाणी पायावर गळायलंय ते बघा."

तुम्ही ते ऐकलंच नाहीत. मला हाताला धरून जवळ ओढलंत आणि दाखवायला लागलात. ज्या कंपनीची ही गाडी, त्याच कंपनीची डिकीवाली लांब गाडी एके काळी रस्त्यावर दिसायची. तिचं तेराशेचं इंजिन याच खानदानातलं, गिअरबॉक्स जवळपास तोच, धरायच्या जागा जवळपास त्याच. फक्त अंगानं थोडं उंच. ते या हलक्या गाडीत बसवलं तर चढाला ट्रॅक्टर सोडा, कुणीच पुढं जाणार नाही. रफिकभाईंच्या गॅरेजात तुम्ही दोन्ही इंजिनं उघडलेली बघितली होती. तुम्ही बॉनेट हातानं खाली आणलंत, डोळा बारीक केलात आणि म्हणालात, "वर एक बोट जागा ऱ्हातीय. बसतंय." ना टेप, ना पट्टी. मी हसलो. मी गणित शिकवतो, मला अशा बोलण्याचं हसूच येतं.

खरं म्हणजे मोजायला मला तुम्हीच शिकवलंत. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला व्हर्निअरचं माप वाचता येईना म्हणून प्रॅक्टिकलला मी वेड्यासारखा इकडं तिकडं बघत बसायचो. सुट्टीत ताईकडं आलो तेव्हा तुम्ही लेथ बंद केलात, एक घासलेला बुश, म्हणजे लोखंडी नळीचा आखूड तुकडा, माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "आधी डोळ्यानं सांग किती हाय. मग माप लाव." आठ दिवस तेच. डोळा आणि माप जवळ येत गेले तसा मला गणितात रस वाटायला लागला. आज लातुरात दोनशे पोरं मला सर म्हणतात त्यात तुमच्या त्या आठ दिवसांचा वाटा आहे. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. माईकवरही सांगायचं राहून गेलं.

पुढच्या पावसाळ्यात तुमची बायपास झाली आणि जे आतापर्यंत नुसतं बोलणं होतं त्याचा बेत झाला. पडून राहायची सवय नसलेला माणूस, दोन महिने काय करणार? लेकीची शाळेतली एक अर्धी कोरी वही तुम्ही उशाशी घेतलीत. एका पानावर माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते पाय. एका पानावर रेडिएटर. एका पानावर नुसतं लिहिलेलं, 'बाहेरून काहीच कळता कामा नये.' ही तुमची अट होती. स्टिकर नाही, आवाज नाही, बॉनेटला फुगवटा नाही. आरटीओत जाऊन रीतसर परवानगी घ्यायची, आरसी बुकावर नवा इंजिन नंबर चढवायचा, पण रस्त्यावरच्या माणसाला ती म्हातारीच दिसली पाहिजे. "ट्रॉलीतल्या त्या मानसाला परत हात करायचाय मला," तुम्ही म्हणायचात.

मी ब्रेकचं काढलं की मात्र भांडण व्हायचं. इंजिन मोठं तर ब्रेकही मोठे हवेत, लांब गाडीच्या डिस्कही आणू, असं मी म्हणायचो. तुम्ही म्हणायचात, "आधी पळू तर दे. थांबायचं मग बघू." मी म्हणायचो, दाजी, वेगाचा वर्ग धरावा लागतो, दुप्पट वेगाला थांबायला चौपट अंतर लागतं. तुम्ही म्हणायचात, "तू वर्ग तुझ्या वर्गात धर." ताई मागून ओरडायची की टाके उसवतील, हसू नका. हे भांडण अजून तसंच पडून आहे. माझंच बरोबर होतं, हे इथं नोंदवून ठेवतो.

तर ते इंजिन लातुरात सापडलं. औसा रोडच्या बाजूच्या एका भंगारवाल्याच्या अंगणात मागून ठोकर बसलेली एक लांब गाडी आली होती. मागचं सगळं चेपलेलं, पुढचं इंजिन धडधाकट. त्याचा मुलगा माझा विद्यार्थी, म्हणून त्यानं ते उतरवून आपल्यासाठी बाजूला ठेवायचं कबूल केलं. तुम्हाला प्रवासाची बंदी होती. तुम्ही फोनवर म्हणालात, "आपल्यात काही पत्रिका बघत न्हाईत, मापं तेवढी बघून ये." एखाद्या घरी मुलगी बघायला जावं तसा मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. स्टीलची टेप लावली, लांबी, रुंदी, उंची कागदावर घेतली. फोटो काढ म्हणाला होतात म्हणून वर उभा राहून फोटोही काढला. उंची सव्वीस इंच.

तोवर तुम्ही हिंडू फिरू लागला होतात. रफिकभाईंनी रिंगा बदलायला म्हणून तुमच्या गाडीचं जुनं इंजिन उतरवलं होतं, बॉनेटखाली सगळं मोकळं होतं. ती संधी साधून तुम्ही कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा आणलात आणि माझ्या मापावरून पुठ्ठ्याचं इंजिन बनवलंत. पूर्ण आकाराचं. वर झाकण, खाली तेलाचं चेंबर, बाजूला पट्ट्याची पुली, सगळं चिकटपट्टीनं जोडलेलं. मी त्या रविवारी मुद्दाम नांदेडला आलो होतो. ते पुठ्ठ्याचं इंजिन तुम्ही दोन्ही हातांनी उचलून आत ठेवलंत. छातीला टाके पडल्यानंतर उचललेली ती पहिली वस्तू असेल. पायांवर बरोबर बसलं. मग बॉनेट हळूच खाली आणलंत.

बॉनेट लागेना. वरचं झाकण चेपलं. तुम्ही फटीत बोटं घालून बघितलीत. दोन बोटं जास्त होतं.

रफिकभाईंनी विचारलं, "नाप बराबर लिए थे ना मास्तर?"

मी काही बोलायच्या आत तुम्हीच म्हणालात, "मास्तर मोजमापात चुकत न्हाई. माझीच नजर गेली आता. वय झालं." असं म्हणून पुठ्ठ्याचं इंजिन बाहेर काढलंत आणि चेपलेलं झाकण बोटानं सरळ करत बसलात. चहा आला, तो बराच वेळ तसाच राहिला. दाजी, आयुष्यभर जी नजर मापाच्या आधी माप सांगायची, ती तुम्ही माझ्या एका टेपेसमोर खाली ठेवलीत. मला तेव्हा वाईट वाटलं. पण गणित बरोबर आलं याचं थोडं बरंही वाटलं, ते कशाला लपवू?

पंधरा दिवसांनी मी त्या भंगारवाल्याकडं परत गेलो. माउंटिंगच्या भोकांचा जवळून फोटो तुम्हाला हवा होता. खाली वाकलो तर इंजिनाखाली एक लाकडी फळी. चेंबर जमिनीला घासून चेपू नये म्हणून त्यानं पहिल्या दिवसापासून इंजिन फळीवर ठेवलं होतं. मी उंची जमिनीपासून मोजली होती. फळीला बोटं लावून बघितली, तीन बोटं जाड.

गणिताच्या मास्तरानं इंजिनाबरोबर फळीही मोजली. वजाबाकी सोपी आहे. दोन बोटं जास्त होत होतं, तीन बोटं कमी करा, वर एक बोट उरतं. चढावर डोळा बारीक करून तुम्ही सांगितलं होतं तेवढंच.

मी हसत हसत घरी आलो. दुसऱ्या दिवशी रविवार होता, दहाला आपला फोन ठरलेला, तेव्हा सांगू आणि पोटभर शिव्या खाऊ असा विचार केला. तुमच्या फोनच्या आधी ताईचा आला.

"अन्या, तुझ्या दाजीला आवर," ती म्हणाली. "काल लेथचा तो जड चक उचलून राहिले होते. म्हनले, उंची कमी करायचं काढलंय. छाती नुकती जोडलीय त्यांची. त्यांना नादात राहू दे, नाद लई चांगला हाय, जेवण बी जायलंय. पन ते इंजिन काही बसू देऊ नको. तू काढ काही तरी. तुझं ऐकतेत ते."

दहा वाजता तुमचा फोन आला. मी फळीचं सांगितलं नाही.

त्यानंतरचं वर्ष आठवलं की मला तुमचं कौतुक वाटतं आणि माझी लाज वाटते. दोन्ही वाटतं म्हणजे शब्द तसे आहेत, आत अजून सगळं बधिरच आहे. बॉनेटला फुगवटा काढायचा नाही ही तुमचीच अट, तेव्हा दोन बोटं खालून कमी करायची असं तुम्ही ठरवलंत. माउंटिंग खाली घेतली तर चेंबर रस्त्याला लागेल, असं मी म्हणालो. पुढच्या रविवारी तुम्ही उथळ चेंबरचा नकाशा घेऊन हजर. उथळ केलं तर तेल कमी बसेल, असं मी म्हणालो. पुढच्या रविवारी चेंबर बाजूनं रुंद. मी गिअरबॉक्सचा शाफ्ट काढला, तुम्ही शाफ्ट कापून जोडायची रीत काढलीत. मी वायरिंग काढलं, तुम्ही रफिकभाईंना कामाला लावलंत. एकदा तर मला काहीच सुचेना, म्हणून मी म्हणालो, दाजी, उन्हाळ्यात पत्रा फुगतो. तुम्ही म्हणालात, "फुगतो तर वरच फुगंल की. आपल्याला जागाच मिळंल." मी खोटी अडचण शोधायचो आणि तुम्ही तिचं खरं उत्तर शोधायचात. त्या वहीतली निम्मी पानं अशा उत्तरांनी भरलेली आहेत, ज्यांची गरज कधी नव्हतीच.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी नांदेडला आलो होतो. तुम्ही दुकानात होतात. ताई चकल्या तळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अन्या, आता बसवू दे त्यांना. डॉक्टर म्हनले, वजन उचलायचं न्हाई, बाकी काय बी करा. उचलायला रफिकभाई हायतच. मी उगं भिऊन आडवी आले. मानूस झोपेत बी चेंबर चेंबर करतंय."

मी म्हणालो, "बघू."

त्या दिवशी मी सरळ दुकानात येऊन सांगायला हवं होतं. रस्ता चार मिनिटांचा. गेलो नाही. पुढच्या रविवारी दहाला तुमचा फोन आला आणि मी एक्झॉस्टच्या वळणाची नवी अडचण सांगितली.

याचं कारण मी स्वतःलाही बरेच दिवस वेगवेगळं सांगितलं. ताईचा काय भरवसा, उद्या परत म्हणेल नको. डॉक्टरांचा काय भरवसा. आधी ब्रेकचं ठरू दे. खरं कारण एवढंच होतं दाजी, की इंजिन बसलं असतं तर रविवारी दहाला फोन कशाला आला असता? लातुरात मला सर म्हणणारे पुष्कळ आहेत. सर, परीक्षेला महत्त्वाचं काय, असं ते विचारतात. घरात बायको आपल्या नोकरीत, मुलगा पुण्याला, आमचं सगळं बरं चाललंय. पण आठवडाभर माझ्या एका वाक्याचा विचार करून, वहीत त्याचं उत्तर काढून, रविवारी सकाळी "मास्तर, तुझी अडचण सोडवली बघ" असं म्हणणारं दुसरं कोण होतं? मला वाटलं, चालतंय तोवर चालू द्यावं. घाई कसली आहे? आंबे येतील तेव्हा सांगू. मी तुम्हाला सांगायचं कसं हेसुद्धा ठरवलं होतं. ती फळीच गाडीत टाकून नांदेडला आणणार होतो.

उन्हाळा लागता लागता तुम्ही गेलात.

कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी घर मोकळं झालं. लेक आणि जावई हैदराबादला गेले. दुपारी ताई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून भाड्यानं आणलेल्या ताटल्या मोजून पोत्यात भरत होती, मी तिला हाताखाली देत होतो. मध्येच थांबून ती म्हणाली, "अन्या, खरं सांग. ते इंजिन बसत होतं का?"

मी तिच्याकडं बघितलं. तिचे डोळे इतके दिवस झोप नसल्यासारखे होते.

"कामून विचारून राहिलीस?"

"सांग की."

"न्हाई, ताई. दोन बोटं उंच होतं."

तिनं बराच वेळ हातातली ताटली तशीच धरली. मग म्हणाली, "बरं झालं बाई. मला वाटून राहिलं होतं, माझ्या पायी त्यांचं राहून गेलं." आणि मग तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा ती थोडी हसली. "जन्मभर माझं माप चुकत न्हाई, चुकत न्हाई म्हनत मिरवले. शेवटाला चुकलं की न्हाई?"

मी मान हलवली.

ती उठली, आत गेली आणि आडवी झाली. तिन्हीसांजेपर्यंत झोपली. मी दाराशी बसून होतो. संध्याकाळी रफिकभाई आले, तेव्हा तिनं चहा देता देता त्यांनाही तेच सांगितलं, हसत, मायेनं, की ह्यांचं माप त्या एका इंजिनात चुकलं आणि दोन वर्षं त्याच्यामागं घालवली. रफिकभाई म्हणाले, "हौ. होता है. आखरी में नजर जाती है आदमी की." आणि दोघांनी तुमच्या फोटोकडं असं बघितलं जसं लोक हट्टी म्हाताऱ्या माणसाकडं बघतात. रफिकभाई गल्लीत आणखी चारजणांना सांगतील. वाईट हेतूनं नाही, आठवण म्हणून सांगतील. पुढं कधी तुमचं नाव निघालं की लेथ कमी निघेल आणि हे न बसलेलं इंजिन जास्त.

मी तिथं बसून चहा प्यालो. तेव्हाही सांगितलं नाही.

लातूरला परत आल्यावर ताईचा फोन आला. मी माईकवर बोललो होतो ते तिला नीट ऐकू आलं नव्हतं, मंडपाचा पंखा आवाज करत होता. म्हणाली, "ते लिहून दे मला. जपून ठेवीन. चांगलं सविस्तर लिही, तुला लिहिता येतंय." म्हणून बसलो. पहिल्यांदा त्या चार ओळीच परत लिहिल्या, तुमचा शब्द, तुमचा हात, परत न आलेली वस्तू. मग तो कागद बाजूला ठेवला आणि हे लिहिलं.

हे वाचून तिची झोप परत जाईल हे मला माहीत आहे, दाजी. मी तुमच्याशी खोटं बोललो ते तुमच्या काळजीपोटी असं म्हणायची सोय निदान वर्षभर तरी होती. तिच्याशी खोटं बोललो त्याला तसं काही नाव नाही. तिनं दिवाळीत मोकळं केलं होतं, अडवलं ते मी. तिनं माझ्याशी बोलणं टाकलं तर ते बरोबरच असेल. रफिकभाईंनाही हे वाचून दाखव असं मी तिला सांगणार आहे. त्यांना मराठी वाचायला चष्मा लागतो, तो गॅरेजातच राहतो.

हा कागद उद्याच्या बसनं मीच घेऊन येतोय. तुमच्याशी जे बोलायचं होतं ते वर झालं. आता यापुढची ओळ तुमच्यासाठी नाही.

ताई, त्यांचं माप चुकलं नव्हतं. ते इंजिन बसत होतं.